अकोल्याचा ओटीपी आणि अहवालातील एक वाक्य

‘कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ मार्गदर्शक भंडारदरा येथे निसर्गदर्शनास गेल्याने, तसेच वीजपुरवठा खंडित झाल्याने, नियोजित सत्र होऊ शकले नाही. तथापि उपस्थितांनी अल्पोपाहाराचा आनंद घेतला.’

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात हा मजकूर छापून आला आहे. लेखक प्रा. निखिल औटी. ते माझे विद्यार्थी होते, पुढे सहकारी झाले, आणि अकोल्याच्या त्या प्रवासात गाडी तेच चालवत होते; त्यामुळे अज्ञानाची सबब त्यांना उपलब्ध नाही. ज्येष्ठ मार्गदर्शक म्हणजे मी. निवृत्त माणूस वार्षिकांक वाचत नाही, असा औटींचा समज असावा. मी वाचतो, मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. वीज गेली होती आणि अल्पोपाहार चांगला होता, एवढे मला मान्य आहे. उरलेल्या मजकुराचा समाचार घेण्यासाठी हे प्रवासवर्णन लिहिले आहे. ज्यांनी अकोले पाहिलेले नाही, त्यांना ओघात थोडे अकोलेही दिसेल.

केडगाव ते अकोले

आमच्याच नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या, डोंगराकडच्या एका महाविद्यालयाने प्राध्यापकांसाठी व कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा ठरवली होती. विषय होता ‘रोजच्या कामातील तंत्रज्ञान’. मी पदार्थविज्ञान शिकवले. आमच्या महाविद्यालयात पहिला संगणक आला तेव्हा त्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असे आणि आत येणाऱ्यास मी चपला काढायला लावत असे. आज माझा नातू त्यावर हसतो. पण तो संगणक चपलांच्या धुळीने कधी बिघडला नाही. सांगायचे एवढेच, की मला बोलावले ते वयाचा मान म्हणून नव्हे.

डिसेंबरातल्या एका सकाळी औटी त्यांची गाडी घेऊन केडगावला माझ्या दारात आले. राहुरीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. रस्ता सरळ जातो, सरळ चला, असे मी म्हटले. औटींनी मोबाईल काढला. त्या मोबाईलमध्ये एक बाई राहतात आणि वळणे सांगतात. बाईंनी डावीकडे वळायला सांगितले, औटी वळले, आणि थोड्याच वेळात आम्ही तोड चालू असलेल्या उसाच्या फडात उभे होतो. पुढे रस्ता नव्हता, ऊसही नव्हता, फक्त पाचट होते.

मोळी खाली ठेवून एक तोडणीवाला जवळ आला. “बाईचं ऐकून आलात व्हय?” त्याने विचारले. “कालबी एक गाडी आल्ती. नवरा-नवरी हुते आतमंदी.”

“मग त्यांचं काय झालं?” मी विचारले.

“काय व्हायचं? माघारी गेले. नवरीच चिडली हुती लई. म्हनली, माझं ऐकत न्हाईस आन् तिचं ऐकतोस.”

औटी हसले नाहीत. त्यांनी गाडी मागे घेतली, तेव्हा मी मोठ्या मनाने खिडकीबाहेर पाहत होतो.

संगमनेर सोडले की देश बदलतो. आमच्या केडगावला डिसेंबरात हवेला कांद्याचा वास असतो आणि क्षितिजावर पाहण्यासारखे काही नसते. जे असते ते पुण्याच्या रस्त्यावरून धावत असते. अकोल्याकडे निघालात की समोर डोंगर उभे राहतात, एकामागे एक, आणि प्रत्येक मागचा पुढच्यापेक्षा फिका. भात निघून गेलेली खाचरे, बांधावर रचलेला पेंढा, आणि थंडी अशी की चहा कपातून बशीत ओतेपर्यंत निवतो. चहात गवती चहाची पात होती. आमच्याकडे आले घालतात. मला आलेच बरे वाटते, पण त्या थंडीत मी तीन वेळा पात घातलेला चहा मागून घेतला, हेही नोंदवतो.

पहिला दिवस

औटींनी नगरहून आणलेल्या सादरीकरणातील मराठी अक्षरे अकोल्याच्या संगणकावर चौकोन आणि प्रश्नचिन्हे होऊन उमटली. मी उठून माझा पेन ड्राइव्ह लावला. त्यात तेच सादरीकरण मी पीडीएफ करून ठेवले होते, कारण परक्या संगणकावर आपली अक्षरे टिकतील अशा आशेवर मी कधीच राहत नाही. अहवालात या प्रसंगाचा उल्लेख नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

त्यानंतर मी जे सांगितले ते थोडक्यात असे. फाइलला ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अंतिम खरी’ अशी नावे देऊ नयेत. विषय आणि तारीख लिहावी. महत्त्वाची फाइल दोन ठिकाणी असावी आणि ती दोन ठिकाणे एकाच कपाटात नसावीत. कार्यालयाचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू नये. या वाक्याला पहिल्या रांगेतील दोघांनी मागे वळून कार्यालयाच्या दिशेने पाहिले. शेवटी ओटीपीकडे आलो. खाते उघडताना खात्रीसाठी मोबाईलवर येणारा तो आकडा ज्याचा त्यानेच ठेवावा, हे लोकांना ठाऊक असते. पण ते संकोचात मारले जातात. समोरचा माणूस मोठा असला की नाही म्हणवत नाही. म्हणून मी आवाज चढवून म्हणालो, “ओटीपी कोणालाही सांगू नका. बँकेने विचारला तरी नाही. प्राचार्यांनी विचारला तरी नाही. मी स्वतः फोन करून विचारला, तरी नाही!”

टाळ्या पडल्या. प्राचार्या आवारी मॅडमही हसल्या. कार्यालयातील लिपिक सविता नवले यांनी माझे एवढे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर पाठवले. मला बरे वाटले. पुढचे सर्व त्यातून उद्भवले.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

सत्र सुरू व्हायच्या आधी मी कार्यालयात चहा घेत होतो. सविताताईंना घाई होती, कारण विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज पडताळून पाठवण्याची मुदत त्या संध्याकाळी संपत होती आणि डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुलामुलींचे अर्ज शेवटी आलेले असल्याने तेच उरले होते. महाविद्यालयाचे खाते उघडण्यासाठी ओटीपी लागतो. तो कोणाकडे येतो, असे मी विचारले.

“घोलप भाऊसाहेबांकडे,” त्या म्हणाल्या.

“ते कुठे बसतात?”

“घरी. रिटायर झालेत ना ते.”

घोलप भाऊसाहेब हे तिथले जुने हेडक्लार्क. खाते त्यांनी उघडले, तेव्हा त्यांचा क्रमांक जोडला गेला. निवृत्तीनंतर तो बदलायला हवा होता. परंतु ‘तुमचा नंबर काढतो आहोत’ हे भाऊसाहेबांना सांगणार कोण? एका प्राचार्यांनी ते दुसऱ्यावर सोडले, दुसऱ्यांनी आवारी मॅडमवर. तेव्हापासून खाते उघडायचे झाले की सविताताई फोन लावत, भाऊसाहेब आकडा वाचून दाखवत, मग कोण रजेवर आहे, पाण्याची टाकी गळायची थांबली का, याची चौकशी करत, आणि सगळे सुरळीत चाले. आपल्याकडे माणसाला पदावरून निरोप देता येतो, हार घालता येतो, नारळ देता येतो. त्याचा मोबाईल क्रमांक मात्र काढवत नाही.

सविताताईंनी फोन लावून आवाज मोठा केला. “भाऊसाहेब, ओटीपी आला का?”

“आलाय.”

“सांगा ना मग.”

“न्हाई.”

“न्हाई म्हणजे?”

“म्हंजी सांगायचा न्हाई. ग्रुपवर ऐकलं मी, त्या नगरच्या सरांचं. दोनदा ऐकलं. पटलं मला.”

आवारी मॅडमनी फोन घेतला. “भाऊसाहेब, मी बोलतेय.”

“मॅडम, रागावू नका. तुमचं तर नावच घेतलंय त्यांनी.”

मग मी फोन घेतला. “नमस्कार. मीच तो नगरचा सर.”

“असं सगळेच म्हनत्यात,” भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चाळीसहून अधिक वर्षे मी व्याख्याने दिली, पण माझा शब्द इतक्या तंतोतंत पाळणारा श्रोता मला त्याआधी भेटला नव्हता. हे मी बोलून दाखवणार होतो. मात्र मॅडमचा चेहरा पाहून थांबलो.

“सर, पोरींचे अर्ज आहेत हे,” त्या म्हणाल्या. “शिष्यवृत्ती अडली की संक्रांतीला घरी गेलेली पोरगी परत येत नाही. घरचे भांडत नाहीत, काही नाही. नुसतं म्हणतात, राहू दे आता.”

त्याच वेळी वीज गेली. सभागृहात औटी प्रोजेक्टरसमोर उभे होते, आणि प्रोजेक्टरवाचून औटींना बोलता येत नाही. मी सविताताईंना म्हणालो, भाऊसाहेबांकडेच जाऊ, लॅपटॉप घ्या, कार्यालयाच्या नावावरचा एखादा मोबाईल असेल तर तोही घ्या. मॅडमनी कपाटातून एक मोबाईल काढून दिला. तो महाविद्यालयाच्याच नावावर होता आणि कोणी वापरत नव्हते. औटींना शिपायाने निरोप दिला, “सर भंडारदऱ्याकडं गेल्यात.” हा निरोप अपुरा होता, खोटा नव्हता. तो खोटा अहवालात झाला.

देवळाचा ओटा

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये चालकाच्या उजव्या बाजूलाही एक माणूस बसू शकतो, हे पदार्थविज्ञानाने मला शिकवले नव्हते. राजूरपर्यंत मी एका तांदळाच्या पोत्याला टेकून होतो. सविताताईंनी लॅपटॉप मांडीवर तान्ह्या बाळासारखा धरला होता आणि शेजारच्या म्हातारीने दोनदा विचारले, “झोपलंय का?”

भाऊसाहेबांचे गाव भंडारदऱ्याच्या रस्त्यावर, धरणाच्या अलीकडे आहे. गावात मोबाईलला नेटवर्क नाही; ते फक्त वरच्या अंगाच्या मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर येते. तिथे पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा आणि वर लोकरी स्वेटर घातलेले एक ताठ गृहस्थ मोबाईल समोर ठेवून बसले होते. रोज सकाळी ते तिथे येऊन बसतात, असे सविताताई हळू आवाजात म्हणाल्या. कॉलेजचा फोन आला तर सापडायला हवे म्हणून.

“भाऊसाहेब, हे नगरचे सर. प्रत्यक्ष आलेत.”

त्यांनी मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिले. “आवाज तोच हाय,” ते म्हणाले. “बसा.”

मी बसलो. “आता ओटीपी सांगा,” मी म्हणालो.

“न्हाई.”

“अहो, मी स्वतः आलो आहे!”

“तुमीच काल म्हनला, मी स्वतः विचारला तरी न्हाई.”

“मी फोनचं म्हणालो. फोन करून विचारला तरी.”

“म्हंजी घरी येऊन इचारला तर चालतो? आसं कुटं म्हनलात? चोर काय घरी येत न्हाईत?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. मी वादात सहसा मागे हटत नाही. त्या दिवशीही हटलो नाही. मी वादाची जागा बदलली. “बरोबर आहे तुमचे,” मी म्हणालो. “सांगूच नका. ओटीपी सांगायचा नसतो, ज्याचा त्याने टाकायचा असतो. हा लॅपटॉप. तुमच्या मोबाईलचे इंटरनेट आम्हाला द्या आणि आकडा तुम्ही स्वतःच्या बोटाने टाका. मी तोंड फिरवून बसतो.”

भाऊसाहेबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, “हे आधी म्हनला असता तर?”

मी देवळाच्या भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे एकेक कळ वाजत होती, दोन कळांच्या मध्ये एखादी एसटी जाऊन परत यावी इतका अवकाश ठेवून.

“भाऊसाहेब, लवकर. वेळ संपते त्याची,” सविताताई म्हणाल्या.

“घाईत मी कधी सही केली न्हाई, सविता. तुला माहीत हाय.”

वेळ संपली. दुसरा ओटीपी मागवला. तोही संपायच्या बेतात असताना सविताताई ओरडल्या, “उघडलं!” आणि देवळातली घंटा कोणीतरी वाजवली. कोणीतरी म्हणजे भाऊसाहेबांनीच.

त्या ओट्यावर, उन्हाला पाठ देऊन, सविताताईंनी अर्ज तपासायला घेतले. एकेक नाव त्या वाचत आणि भाऊसाहेब त्यात भर घालत: ही घाटाखालची, हिचा बाप माझ्याकडं येऊन गेलता, ही त्या शेवटच्या वाडीची, दोन तास चालत येती. नेटवर्क दोनदा गेले आणि दोन्ही वेळा ओट्याच्या कडेला सरकल्यावर परत आले. दुपारी जेवायच्या आधी शेवटचा अर्ज गेला. ‘सत्र होऊ शकले नाही’ असे औटी लिहितात. सत्र म्हणजे चार भिंती आणि प्रोजेक्टर, असे त्यांना वाटत असल्यास मी त्यांना पुरेसे शिकवले नाही.

राहिले होते ते क्रमांक बदलण्याचे. ही गोष्ट सविताताईंना बोलवेना. त्यांनी कार्यालयाचा मोबाईल पिशवीतून काढला आणि नुसताच हातात धरला. मग मीच म्हणालो, “भाऊसाहेब, क्रमांक माणसाचा नसावा, खुर्चीचा असावा. उद्या तुम्ही आजारी पडलात, नेटवर्क गेले, तर या मुलींचे काय?”

“मला कळतंय,” ते म्हणाले. “मी काय आडानी हाय का?” मग म्हणाले, “म्हंजी आता फोन यायचा न्हाई.”

“येईल की, भाऊसाहेब,” सविताताई म्हणाल्या.

“कशाला येईल? टाकीचं इचारायला?”

क्रमांक बदलण्यासाठीही जुन्या क्रमांकावर ओटीपी येतो. तो आला. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि तो आकडा पहिल्याच खेपेस, एकदाही न थांबता टाकला. मी या वेळी तोंड फिरवले नव्हते आणि त्यांनीही मला फिरवायला लावले नाही. कार्यालयाच्या मोबाईलवर दुसरा आकडा आला. तो सविताताईंनी टाकला. भाऊसाहेबांनी स्वतःचा मोबाईल सदऱ्याच्या खिशात ठेवला. आम्ही आल्यापासून तो समोर होता.

जेवण आणि एक वाद

घोलपवहिनींनी काळभात केला होता. हा तांदूळ शिजू लागला की वास अंगणात येतो. त्याबरोबर हुलग्याचे कालवण, नाचणीची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, काळी चटणी. आमच्याकडे बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असते आणि तिला मी आजवर कोणाचीही बरोबरी करू दिलेली नाही. खुरासणीच्या चटणीबाबत माझा निर्णय राखून ठेवतो. वहिनींनी तिची पुडी बांधून दिली, म्हणजे अधिक अभ्यास करता यावा.

जेवताना भाऊसाहेब गप्प होते. ते मला पाहवेना. तेव्हा मी सहज म्हणालो, की जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत संगणक सर्वांत आधी आला तो आमच्याकडे.

त्यांचा घास थांबला. “कोन म्हनतं?”

“मी म्हणतो. किल्ली माझ्याकडे होती.”

“किल्ली आसंल. आमच्याकडं त्याच्या आधी आलाय. मी सोता संगमनेरवरून टेम्पोत मांडीवर घेऊन आलोय.”

“कोणत्या वर्षी?”

“वर्ष बघून सांगतो.”

“बघा आणि फोन करा. माझा नंबर लिहून घ्या.”

“करनारच. तुमी काय समजता?” त्यांनी मोबाईल खिशातून पुन्हा बाहेर काढला. वहिनी वाढता वाढता हसल्या आणि त्यांनी माझ्या पानात न विचारता आणखी भात घातला.

निघताना भाऊसाहेब रस्त्यापर्यंत आले. “इथवर आलात, धरन बघून जा,” ते म्हणाले. “हे वळन वलांडलं की पानी दिसतं. नगरची मानसं गाड्या करून येत्यात.”

जीप उभी होती. समारोपाला मी हजर असावे, असे मला वाटत होते. नाहीतर औटी एकटेच बोलतील. “पुन्हा कधी,” मी म्हणालो, आणि आम्ही राजूरकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. माझी पाठ धरणाकडे होती आणि पुढ्यात पुन्हा तांदळाचे पोते होते.

संध्याकाळी केडगावच्या परतीच्या वाटेवर मी औटींना हे सर्व सांगितले. ते त्या वेळी मोबाईलमधल्या बाईंचे ऐकत होते, हे आता अहवाल वाचून कळते.

भाऊसाहेबांचा फोन दर रविवारी येतो. त्यांनी सांगितलेले वर्ष मला मान्य नाही, मी सांगितलेले त्यांना नाही. दोघेही नवे साक्षीदार शोधत आहोत. संक्रांतीनंतर सविताताईंनीही फोन केला होता: शेवटच्या वाडीची मुलगी वर्गात परत आली आहे. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी भाऊसाहेब विचारतात, “धरन बघायला कवा येताय?” जायला मला आवडेल. पण वार्षिकांकाने दुरुस्ती छापेपर्यंत तिकडे पाऊल टाकणे म्हणजे औटींचे वाक्य मागील तारखेने खरे करणे. तेव्हा वाचकांनी एवढीच गोष्ट ध्यानात घ्यावी आणि निकाल द्यावा. भंडारदऱ्याचे धरण मी आजवर पाहिलेले नाही.